उबेची जागा

"जिवंत बाईला मेली म्हणून सांगितलंस? तेही स्वतःच्या आईला?" सासूबाईंनी हातातली सुरी ताटलीत आपटली. "अगं, जीभ कशी उचलली तुझी?"

"मी नाही सांगितलं," थोरली म्हणाली. "मावशीनं सांगितलं होतं."

"आणि तू चोवीस वर्षं मान डोलावलीस."

"डोलावली."

"ऐका! डोलावली म्हणते. जसं काही मीठ जास्त पडलं असं सांगतेय." सासूबाई मुलाकडे वळल्या. "अरे, तू तरी काही बोलणार आहेस का? का त्या तुझ्या लिफ्टसारखा दोन मजल्यांच्या मध्ये अडकून बसणार आहेस?"

थोरलीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. रविवार होता, म्हणून घरात होता, आणि आज कुठेतरी एखादी लिफ्ट बंद पडली असती तर बरं झालं असतं असा त्याचा चेहरा होता. "मलाही आत्ताच कळतंय," तो म्हणाला. "मी काय बोलू?"

"ताई, मला तर तुम्ही त्यांचं दुखणंसुद्धा सांगितलं होतं," धाकटी जाऊ ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. "दम्यानं गेल्या म्हणून. खोकून खोकून."

"तो बापाचा दमा होता."

"म्हणजे दुखणंही उसनं!"

भांडण पेटवून देणारी मुलगी अजून दारातच उभी होती. बावीस वर्षांची पोर, खांद्यावरची पिशवीही उतरवलेली नव्हती, बुटांवर काळी धूळ. घरात तिला चौकशी म्हणत. लहानपणी तिनं प्रश्न विचारून विचारून सासूबाईंचं डोकं उठवलं होतं, तेव्हा त्यांनीच हे नाव पाडलं होतं. मोठी होऊन ती जमिनीच्या मोजणीचं शिकली, आणि दोन महिन्यांपूर्वी एका कोळशाच्या खाणीवर नोकरीला लागली. तिथे खाणीच्या डोक्यावर जुनी कामगार वसाहत होती. जमिनीखालच्या कोळशाला कित्येक वर्षांपासून आग लागलेली होती, वसाहत हलवायची होती, आणि कोणतं घर आधी हलवायचं हे ठरवण्यासाठी घरोघरची जमीन किती तापली आहे ते मोजायचं होतं. सकाळच्या गाडीनं ती आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "आई, मी आजीला भेटले. तुझ्या आईला." त्यानंतर कोणी चहासुद्धा केला नव्हता.

"आई, तू निदान विचार तरी," चौकशी आता म्हणाली. "कशी आहे, काय म्हणाली, एवढं तरी."

थोरलीनं सासूबाईंच्या पुढ्यातली ताटली उचलली, देठं एका बाजूला केली, आणि म्हणाली, "मला बाराची पाळी आहे."

"जा, जा," सासूबाई म्हणाल्या. "लोकांच्या चादरी धू. घरात काय पसरून ठेवलंय ते आम्ही बघतो."

थोरली डबा न घेताच बाहेर पडली.

ती काहीच विचारत नाही, ही तिची ख्याती होती. सून म्हणून ती या घरात आली ती मावशीच्या शब्दावर. आईबाप नाहीत, भावंडं नाहीत, गाव रेल्वेच्या बाजूचं कुठलंसं. सासूबाईंना ते पसंत पडलं होतं. मागे कोणी नाही, म्हणजे रुसवेफुगवे नाहीत, येणंजाणं नाही, असं त्या उघड बोलूनही दाखवत. नवी सून कुठल्या कपाटात काय आहे हे विचारत नसे, नवऱ्याचा पगार विचारत नसे, कोण कुणाशी का बोलत नाही हे विचारत नसे. सासूबाई शेजारणींना सांगत, "आमच्या थोरलीला तोंड आहे, पण त्याला प्रश्नचिन्ह नाही." शेजारणी आपापल्या सुनांकडे बघून उसासे टाकत.

तिच्या दोन गोष्टी मात्र घराला विचित्र वाटत. एक म्हणजे ती कुठेही बसण्याआधी जमिनीला तळहात लावायची. स्वतःच्या घरात, परक्याच्या घरात, दवाखान्याच्या ओसरीत, अगदी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पंगतीत बसतानाही. हात टेकवायचा, एक श्वास थांबायचा, मग बसायचं. दीर म्हणायचा, "वहिनी जमिनीची नाडी बघतायत. ताप आहे का हो?" सगळे हसत, तीही हसायची. मुलगी झाली तशी मुलीलाही तीच सवय लागली, कोणी न शिकवता.

दुसरी गोष्ट पहिल्याच आठवड्यात घडली आणि पुढे कित्येक वर्षं घरात सांगितली जायची. कोणीतरी पाहुणे आले आणि त्यांनी विचारलं, "काय, नवरा कुठे आहे?" नवी नवरी बोलली नाही, तिनं बोटानं जमीन दाखवली. पाहुण्यांची बाई घाबरून मागे सरकली. सासूबाईंना वाटलं, पोरीच्या डोक्यात काही फरक आहे की काय. थोरलीच्या लक्षात आलं तेव्हा तिनं पटकन दाराकडे हात केला.

ती जिथली होती तिथे पुरुष घरात नसला की जमिनीखालीच असायचा. "बाप कुठाय?" म्हटलं की दोन वर्षांचं पोरही बोट खाली करायचं. त्यात वाईट काही नव्हतं, तो पत्ता होता. बाप सकाळी खाणीच्या लोखंडी पाळण्यातून खाली उतरायचा आणि मग दिवसभर आपल्याच घराखालून, आपल्याच चुलीखालून कुठेतरी चालत असायचा. सुरुंग उडाला की फळीवरची भांडी वाजायची. आई म्हणायची, "बाप बोलला बघ." पोरं जमिनीला कान लावून पडायची आणि पैजा मारायची, आत्ता कोणाचा बाप कोणाच्या घराखाली आहे.

माणूस वाढतो त्या जागेवर त्याचे प्रश्न ठरतात. रस्त्याकाठची मुलं विचारतात, ही गाडी कुठे जाते. पाण्याकाठची विचारतात, पलीकडे काय आहे. त्या वसाहतीतल्या मुलांना क्षितिज असं नव्हतंच, चारी बाजूंना मातीचे काळे ढीग. वर धूर. म्हणून त्यांचं कुतूहल एकाच दिशेनं जायचं. खाली काय आहे? खालच्या खाली काय आहे? आणि या प्रश्नात थोरलीचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. बारा वर्षांची असताना ती अनवाणी वसाहतभर फिरायची आणि टाचेनं सांगायची, इथे पोकळ आहे, इथे भरीव. भिंतीला भेग पडली की तिच्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवून तारीख घालायची तिथली पद्धत होती. कागद फाटला की समजायचं, जमीन चालली. सगळ्या गल्लीच्या पट्ट्या तीच बघत फिरायची. बाप कौतुकानं म्हणायचा, "ही पोरगा असती तर मुकादम झाली असती."

थोरली काम करायची ती लाँड्री हॉस्पिटलच्या तळघरात नव्हती, मागच्या अंगणात होती. तळघरात असती तर तिनं ती नोकरी घेतलीच नसती. लांबलचक शेड, एका बाजूला चार मोठी धुण्याची यंत्रं, मध्ये चादरींना इस्त्री करणारा वाफेचा रूळ, त्याच्या पलीकडे घड्या घालायची टेबलं आणि शेवटी बॉयलरची खोली. एकोणीस वर्षं ती इथे होती. गाठोडी यायची, ती सोडायची, रक्ताच्या चादरी वेगळ्या, औषधाच्या वेगळ्या, लहान मुलांच्या वेगळ्या. इतर बायका कधी कधी एखादी चादर हातात धरून म्हणायच्या, "कुणाची असेल गं? वाचलं असेल का?" थोरली चादर पाण्यात टाकायची.

थंडीत सगळ्या बायका जेवायला बॉयलरच्या भिंतीला टेकून बसत. फरशी तिथे छान कोमट असायची. थोरली एकटी बाहेरच्या पायऱ्यांवर उभ्यानं जेवायची. इस्त्रीवाली सुरुवातीला म्हणायची, "ये की गं, तुझ्यासाठी जागा धरलीय. एवढी ऊब सोडून तिथे काय कुडकुडतेस? कोणावर रागावलीस का?" मग तिनं विचारणं सोडून दिलं.

त्या दिवशी तीनच्या सुमारास चौकशी तिथे आली. शेडच्या दारात उभी राहिली. थोरली रुळातून येणारी चादर पकडत होती, समोरचं टोक इस्त्रीवालीच्या हातात होतं.

"लेक आली वाटतं तुझी," इस्त्रीवाली म्हणाली. "जा, मी बघते. नाहीतरी तुझं लक्ष नाही, तिसरी चादर तिरकी घडी घालतेयस."

दोघी बाहेरच्या पायऱ्यांवर बसल्या. दोघींनीही बसण्याआधी दगडाला हात लावला. चौकशीला ते जाणवलं आणि ती म्हणाली, "असंच तिनं मला ओळखलं."

थोरलीनं ॲप्रनची सुटलेली गाठ पुन्हा बांधली.

"तू विचारणार नाहीसच, म्हणून मी सांगते. शेवटच्या गल्लीतलं शेवटचं घर होतं. तिथे आधी दोनदा आमची माणसं जाऊन आली होती. म्हातारी दार उघडत नाही, शिव्या देते, असं कागदावर लिहिलेलं. मी गेले, तर दार उघडंच होतं. आत एकच खोली धड आहे. बाकीच्या भिंती कुणीतरी मागाहून बांधल्यात, वेड्यावाकड्या. मध्ये खाट. मी म्हटलं, आजी, बसू का. आणि बसायच्या आधी हात टेकवला. ती बघत राहिली. मग म्हणाली, 'ही सवय कुणाची उचललीस?' मी म्हटलं, आईची. म्हणाली, 'आई कुठली?' मी म्हटलं, माहीत नाही, कुठलीशी रेल्वेच्या बाजूची. मग तिनं माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. आणि विचारलं, 'जिवंत आहे का?'"

हॉस्पिटलच्या मागच्या फाटकातून एक रिकामी हातगाडी खडखडत गेली.

"आई, ती म्हणाली, 'मी सगळ्यांना सांगितलं, मला एकच मुलगी होती, ती गेली.' म्हणजे तिनंही तुला..."

"तिनं आधी," थोरली म्हणाली. "मी नंतर."

"का?"

हा प्रश्न मुलीनं आयुष्यात हजारदा विचारला असेल, भलत्याभलत्या गोष्टींबद्दल. थोरली दर वेळी म्हणायची, तुझ्या बाबांना विचार. आज बाबांना माहीत नव्हतं.

तिनं सांगितलं. सांगताना ती ओल्या हातांची बोटं एकेक करून पुसत होती.

त्या थंडीत वसाहतीत काही घरांची जमीन कोमट झाली होती. लोकांना बरं वाटलं. पायाखाली आग आहे हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही, पण ती खूप खोल आहे, पलीकडच्या खाणीत आहे, असं सगळे धरून चालले होते. शिवाय फुकटची ऊब कोण नाकारतं? ज्याच्या घरी अशी जागा निघेल त्याचा मान वाढायचा. म्हाताऱ्या गुडघे शेकायला यायच्या, कपडे वाळायचे, मांजरं येऊन निजायची. थोरलीनं आपल्या घरातली जागा स्वतः शोधली होती. इंच इंच हात लावून. मागच्या भिंतीपाशी, एका लहान चटईएवढी. सबंध गल्लीत एवढी ऊन जागा कोणाकडे नव्हती. तिनं खडूनं तिच्याभोवती रेघ आखली होती. शेजारच्या बायका आल्या की आई सांगायची, "माझ्या मोठीनं शोधली."

धाकटी बहीण पाच वर्षांची होती. तिला थंडीताप आला. भर दुपारची वेळ, आई नळावर गेलेली, बाप खाली. पोर कुडकुडत होती. थोरलीनं तिला उचललं, खडूच्या रेघेत निजवलं, वरून आपलं आणि आईचं अशी दोन पांघरुणं घातली. पोरीनं गाल जमिनीला लावला आणि म्हणाली, "ताई, बाबा खाली शेकोटी करतायत." ती झोपली हे बघून थोरली बाहेर गेली. चार घरं सोडून तिला आणखी एक जागा सापडली होती. ती मैत्रिणीला दाखवायची होती.

"किती वेळ?" चौकशीनं विचारलं.

"एक बादली भरायला लागतो तेवढा. मोठा आवाज झाला नाही. धान्याचं पोतं खांद्यावरून टाकावं तसा. मी आले तर पुढची भिंत होती, दार होतं, दाराला कडी मी लावली होती तशी होती. कडी काढली तर आत खोलीच नव्हती. वाफ येत होती. आई भरलेली बादली घेऊन माझ्या मागे उभी."

चौकशीनं आईचा हात धरला. थोरलीनं तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"खाली कोणाला उतरता आलं नाही. दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी वाळूचे चार ट्रक आणून ओतले. बाप तिथेच होता, एक शब्द बोलला नाही. त्यानं आयुष्यभर ज्या कामाचे पैसे घेतले, तेच काम होतं ते. कोळसा काढून उरलेल्या पोकळ्या वाळूनं बुजवणं. आईनं मला मारलं नाही. जेवायला वाढलं. वाढताना म्हणाली, 'तुला शोधाशोध करायची हौस ना, आता शोध.' मग परत बोललीच नाही. माझ्याकडे बघायचीही नाही. वर्षभरानं मावशी येऊन घेऊन गेली. बाप गेला तेव्हा मला महिनाभरानं कळलं."

"तू बारा वर्षांची होतीस, आई."

"मला माहीत आहे मी किती वर्षांची होते."

शेडमधून इस्त्रीवालीनं डोकावून बघितलं आणि पुन्हा आत गेली.

"ती त्या वाळूवरच राहते," चौकशी म्हणाली. "त्याच्यावरच भिंती बांधल्यात. खाट बरोबर त्या जागेवर. मी म्हटलं, आजी, हे घर सोडावं लागेल, पलीकडे नवी घरं बांधलीत. तर म्हणाली, 'ती एकटीच आहे खाली. मी वर बसते.' मी खूप समजावलं. शेवटी म्हणाली, 'तुझ्या आईला सांग. तिनं निजवलंय, तिनंच येऊन उठवावं. मी दुसऱ्या कोणाच्या सांगण्यानं उठणार नाही.'" तिनं बुटांवरची धूळ पायरीवर झटकली. "साहेबांना मी नातं सांगून बसले. सांगायला नको होतं. ते म्हणतात, मग तूच मंगळवारपासून रोज तिथे जाऊन बस. दोन दिवस बस, चार दिवस बस, नातीचं ऐकेल. तू यावंस असं मी म्हणत नाही, आई. मी जाईन. फक्त तुला कळायला हवं होतं."

थोरली उठून उभी राहिली. दोन पायऱ्या उतरली, परत चढली. मग तिनं विचारलं.

"जमीन किती?"

चौकशीला आधी कळलंच नाही. आईच्या तोंडून प्रश्न ऐकायची तिला सवय नव्हती. "काय किती?"

"भोक पाडलंत ना? हातभर खाली किती ताप आला?"

"सत्तरच्या वर. घराबाहेर घेतलं. खाटेपाशी तिनं घेऊ दिलं नाही."

"भोकातनं निघालेली माती कसली होती? काळी, का विटेसारखी?"

"लालसर. विटेसारखीच."

"ओली, का कोरडी?"

"कोरडी. पीठ."

"वास?"

"डोकं दुखतं असा. गंधकाचा म्हणाले."

"भेगांवर पट्ट्या लावल्यात?"

"तिनंच लावल्यात. जुन्या वहीच्या कागदाच्या. सगळ्या फाटलेल्या."

"वरची शेवटची तारीख?"

चौकशीनं आठवून बघितलं. "गेल्या महिन्यातली. वीस की बावीस."

थोरली एका श्वासात विचारत होती. तिचे डोळे कुठेतरी खाली, पायरीच्या दगडाच्या आत बघत होते. एवढी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं नीट जागच्या जागी होतं. एक शब्द गंजलेला नव्हता. मुलीला वाटलं, ही बाई आपण कधी बघितलीच नाही, आणि बघितली असती तर फार आवडली असती. मग वाटलं, आवडून उपयोग काय, हिच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वाईटच आहे.

"मांजरं येतात का तिथे?"

"मांजरं?"

"गल्लीत मांजरं असतील. थंडी आहे. तिच्या खाटेखाली येऊन निजतात का?"

"नाही. आजीच म्हणाली ते. आधी चार-पाच निजायची म्हणे, तिला सोबत होती. दिवाळीआधीपासून," ती अडखळली, "म्हणजे दोन-तीन महिने झाले, एकही फिरकत नाही. तिला वाटतं, कोणीतरी विष घातलं."

थोरलीनं मान हलवली. "विष नाही. पाय भाजतात त्यांचे. मांजर सोडून गेलं की जमीन तीन महिने टिकते, फार तर चार. आमच्याकडे म्हाताऱ्यांना ठाऊक होतं ते. पण आमच्या घरी मांजरं यायचीच नाहीत, त्यामुळे गेली हे कळलं नाही. माझ्या बहिणीला मांजराचा खोकला यायचा, म्हणून मीच हाकलायची."

ती आत गेली. इस्त्रीवालीकडून टोक घेतलं आणि राहिलेल्या चादरी संपवल्या. एकही तिरकी झाली नाही. सहाला तिनं ॲप्रन खुंटीला लावला आणि मुलीला म्हणाली, "तुझ्या साहेबाला फोन लाव. मला बोलायचंय."

"तुला?"

"लाव."

साहेबाशी ती चार मिनिटं बोलली. चौकशीला एका बाजूचंच ऐकू येत होतं. "मी त्या घरातली... हो, मुलगी... नाही, दुसरी... नाही साहेब, ती माझी मुलगी आहे, ती त्या घरात पाऊल टाकणार नाही... मोजायचं तर बाहेरून मोजेल... मला कागद नकोत. मला दोराची शिडी हवी आणि दाराबाहेर दोन माणसं हवीत... हो. जबाबदारीची सही मी करते."

घरी पोचल्या तेव्हा ताटं मांडायची तयारी चालली होती. दिवसभरात भांडणाची धार बोथट झाली होती, पण सासूबाईंनी ते सोडलेलं नव्हतं. "आल्या," त्या म्हणाल्या. "काय ठरलं मायलेकींचं? अजून कोणी जिवंत निघालं का? सांगा बाई, एकदाच काय ते सांगा, माझं हृदय आता पूर्वीसारखं नाही."

"बसा," थोरली म्हणाली.

सासूबाई बसलेल्याच होत्या. तिच्या आवाजानं त्या नीट बसल्या. नवरा आतून आला. धाकटी जाऊ हातातला चमचा घेऊन दारात थांबली.

थोरलीनं बहिणीचं सांगितलं. मुलीला जेवढ्या शब्दांत सांगितलं त्याच्या पावपट शब्दांत. कडीचं सांगितलं नाही. सांगून झालं तेव्हा स्वयंपाकघरात काहीतरी करपल्याचा वास येत होता, पण धाकटी हलली नाही.

सासूबाई म्हणाल्या, "मी तुला मागे कोणी नाही म्हणून पसंत केली गं." त्यांनी पदर तोंडावर धरला आणि मग बाजूला केला. "तोंडावर म्हणायची मी तुला ते."

"म्हणायचात."

"एकदा तरी सांगायचं होतंस," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, कोणीतरी खांद्यावर फार जड काही ठेवावं तसा तो दबला होता. "मी काय तुला टाकणार होतो?"

"तुम्ही विचारलं असतंत, किती वेळ बाहेर होतीस. कधी ना कधी विचारलंच असतं. कोणीही विचारतं."

नेमकं तेच त्याच्या ओठांवर आलेलं होतं.

"आता काय करायचं म्हणतेस?" सासूबाईंनी विचारलं. "तिला इथे आणायची असेल तर आण. अडचण होईल, पण होऊ दे. पोरीला पाठव, जाऊन घेऊन येईल. तू कशाला त्या खाईत?"

"पोरगी जाणार नाही. साहेबाला सांगितलंय."

"मग?"

"मी जाते आहे. उद्या सकाळची साडेसहाची गाडी आहे. आली तर तिला घेऊन येईन, तिची खाट पुढच्या खोलीत लागेल, शिवणयंत्र आत सरकवा. आली नाही तर मी तिच्यापाशी राहीन. लाँड्रीत रजेचा अर्ज दिलेला नाही, नोकरी सोडली म्हणून कळवलंय."